घरच्यांच्या आठवणी जमवायचं काम : माझ्या नोंदी, चुकांसकट

५ जानेवारी २०२५

आज माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत ११ कॅसेट, चिकटपानांचे दोन अल्बम, एका खोक्यात सुटे फोटो (मोजले, २१४) आणि पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या. शिवाय लहानपणचं विचारावं अशी साठीच्या आसपासची आणि पुढची नऊ माणसं, त्यात चुलत आजोबा ८९ वर्षांचे. मावसबहिणीला तिच्या सासरच्यांचं हेच करायचंय, म्हणाली तू लिहून ठेव म्हणजे मला ठेचा कमी लागतील. म्हणून या नोंदी. रविवारचंच काम, बाकी दिवस नोकरी.

आधी माणसं की आधी वस्तू असा प्रश्न होता. मी म्हटलं वस्तू, त्या कुठे पळून जातायत, सोप्यापासून सुरू करू. हा उलटा न्याय होता (पळून न जाणाऱ्या वस्तू खरं तर शेवटी ठेवायच्या) पण ते कळायला मार्च उजाडला.

१९ जानेवारी

स्कॅनिंग. पहिले ४० फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) केले, छान दिसले, मग ग्रुप फोटोत मागच्या रांगेतला चेहरा मोठा करून बघितला तर नुसता डाग. सगळे परत ६०० ला. साडेतीन बाय पाच इंचाचा प्रिंट ६०० ला २१०० बाय ३००० पिक्सेलचा होतो, टिफ फाइल १९ एमबीच्या आसपास. जागा खातो पण पुन्हा करायची वेळ येत नाही.

चिकटपानांचे अल्बम हे प्रकरण वेगळं आहे. वर प्लास्टिकचा पापुद्रा, खाली गोंदाच्या रेघा, आणि चाळीस वर्षांत तो गोंद पिवळा पडून फोटोला असा धरून बसतो की सोडत नाही. मी नखाने एक कोपरा उचलायला गेले आणि मोठ्या काकांच्या मुंजीतला फोटो कोपऱ्यातून उभा फाटला, त्यात कोण होतं ते आता कधीच कळणार नाही. नंतर दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू ओढत नेला, त्याने बरेचसे सुटले. जो दोन मिनिटांत सुटत नाही त्याच्या नादी लागायचं नाही, अख्खं पान तसंच स्कॅन करायचं.

२ फेब्रुवारी

फोटो फोनवर टाकून घरच्या ग्रुपवर पाठवले आणि गॅलरीत आजोबा जानेवारी २०२५ मध्ये दिसायला लागले. स्कॅनर फाइलला स्कॅन केल्याची तारीख चिकटवतो ना. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर वापरून फाइलमधल्या तारखा बदलल्या, एक अख्खा रविवार गेला. आणि काही जुन्या प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर महिना-वर्ष छापलेलं असतं ती तारीख फोटो धुतल्याची, काढल्याची नव्हे. ३६ फोटोंचा रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून असायचा, तेव्हा ती "याच्या आधी कधीतरी" एवढ्याच अर्थाने घ्यायची.

फोटोंच्या मागच्या बाजू स्कॅन केल्या नाहीत. कंटाळा. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१६ फेब्रुवारी

पहिलं रेकॉर्डिंग. मधली आत्या आणि धाकटी आत्या दोघी एकत्र, समोर अल्बम, मधे टेबलावर फोन. एक तास पन्नास मिनिटं धमाल आली, मी घरी येताना हवेत होते.

२ मार्च

आज ते रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायला बसले आणि कपाळाला हात लावला. मधली आत्या बोलते, धाकटी "हो ना गं, हो ना" करते. धाकटी काही वेगळं सांगायला लागली की मधली "नाही गं, तुला काय आठवतंय, तू एवढीशी होतीस" म्हणून तिचं वाक्य उचलते आणि पुढे नेते, आणि पाच मिनिटांनी धाकटी तेच आपलं म्हणून सांगते. दुसरं म्हणजे दोघी जे सांगतायत ते सगळं फोटोतलंच आहे. फोटोत झोपाळा तर आठवणीत झोपाळा. ज्या खोलीचा फोटो नाही ती खोली जणू घरात नव्हतीच. आणि तिसरं, मी. माझेच प्रश्न ऐकवत नाहीत. "आजोबा कडक होते ना?" असं विचारल्यावर समोरचं माणूस हो म्हणणार नाही तर काय.

यावर थोडं वाचलं. १९९५ चा लॉफ्टस आणि पिकरेल यांचा एक अभ्यास आहे, २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी दिल्या, तीन घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या आणि चौथी मॉलमध्ये हरवल्याची बनवलेली. साधारण पाव लोकांना ती चौथीही थोडीफार किंवा पूर्ण "आठवली". आमच्याकडे मॉलची गरज नव्हती, मधली आत्या पुरेशी होती.

वेळेचा हिशोब: एक तासाचं बोलणं लिहून काढायला मला साडेपाच तास लागले. आवाजावरून टाइप करणारं ॲप वापरून बघितलं, आत्याच्या बोलीपुढे त्याने हात टेकले.

९ मार्च

परत पहिल्यापासून. यावेळी एकेकीला वेगळं, अल्बम पिशवीत बंद, फोन फ्लाइट मोडवर (गेल्या वेळी मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबलेलं, २२ मिनिटं गेली, मला पत्ताच नाही). प्रश्न असे केले: तुम्ही कुठे झोपायचात, शेजारी कोण असायचं. सकाळी जाग कशाने यायची. घरात कोणाचं कोणाशी बोलणं नव्हतं. कशाला हात लावलेला चालायचा नाही. आणि "कधी" असं विचारायचंच नाही, "तेव्हा कितवीत होतात" विचारायचं. वर्ष कोणालाच आठवत नाही पण इयत्ता आणि बाई कोण होत्या ते पक्कं असतं.

धाकटी आत्या एकटी बसली तर वेगळंच माणूस निघालं. चार मिनिटं सलग घरातल्या जिन्याबद्दल बोलली. कुठली पायरी वाजायची, रात्री उशिरा येणारा प्रत्येक जण ती चुकवून कसा चढायचा, आणि आजोबा एकटेच मुद्दाम त्या पायरीवर पाय देऊन यायचे म्हणजे सगळ्यांना कळावं की मी आलोय, आता दिवे घालवा. याचा फोटो कुठून असणार.

एकच गोष्ट दोघींनी वेगवेगळी सांगितली आणि दोन्हीकडे जुळली: पहाटे आजोबांनी उठवून गच्चीवर नेलं आणि शेंडेनक्षत्र दाखवलं, लांब शेपटीचं. फक्त आजोबांच्या खांद्यावर कोण बसलं होतं यात घोळ. मधली म्हणते मी. धाकटी म्हणते मी, ताई खाली उभी राहून रडत होती.

२३ मार्च

धूमकेतूचं वर्ष शोधलं. मधली आत्या म्हणाली होती "हॅलेचा, अजून कुठला". पण हॅले १९८६ ला आला, आणि आजोबा १९८३ ला गेले. शिवाय त्या फेरीत तो नुसत्या डोळ्यांना फारसा दिसलाच नव्हता. मग आधीचे बघितले. इकेया-सेकी, ऑक्टोबर १९६५, तेव्हा धाकटी तान्ही. वेस्ट, मार्च १९७६, पहाटे छान दिसला होता पण तेव्हा या ११ आणि १३ वर्षांच्या घोड्या, खांद्यावर कोण घेतंय. मधे राहिला बेनेट, १९७० च्या मार्च-एप्रिलमधला, तोही पहाटेचाच. तेव्हा धाकटी पाच, मधली सात. बसतंय.

अशा खुंट्या मिळाल्या की बाकीच्या आठवणी त्यांना टांगता येतात. ग्रहण, पूर, घरातलं बाळंतपण, बदली. मी आता एका शीटमध्ये आधी खुंट्या लिहिते, मग आठवणी.

६ एप्रिल

चुलत आजोबा. यांच्याकडे जानेवारीतच जायला हवं होतं. माणूस मजेत आहे पण वीस मिनिटांनी थकतो आणि मग एकच गोष्ट गोल गोल येते. दुपारी गेले होते, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळी नऊला गेले तर पंचवीस मिनिटं स्वच्छ बोलले. त्यांचं ऐकू येणं कमी झालंय त्यामुळे मी ओरडून विचारते आणि रेकॉर्डिंगमध्ये माझाच आवाज फाटतो. उपाय: प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून समोर धरायचा. भारी चाललं, त्यांनाही मजा वाटली, परीक्षेसारखं वाचून उत्तर द्यायला लागले.

धूमकेतूचं मी मुद्दाम वर्ष न सांगता विचारलं. म्हणाले, "ते ना, आमची थोरली झाली त्या वर्षी." थोरलीचा जन्म १९७०. मी मनातल्या मनात उडी मारली. मग म्हणाले, "दादा आणि मी गेलो होतो गच्चीवर. पोरींना कशाला उठवायचं त्या वेळी, झोपल्या होत्या."

तिन्ही लिहून ठेवलंय. दोन्ही आत्यांना अजून सांगितलेलं नाही, माझ्यात तेवढी हिंमत नाही.

याच वेळी नावांचा प्रश्न उभा राहिला. चुलत आजोबांचा "दादा" म्हणजे माझे आजोबा, आत्यांचा "दादा" म्हणजे मोठे काका, माझा "दादा" म्हणजे त्या काकांचा मुलगा. तीन दादा, दोन माई, आणि एक "ती" जिचं नाव मधली आत्या भांडणामुळे घेतच नाही. वंशावळीचं सॉफ्टवेअर घेतलं तर ते आई-बाप आणि नवरा-बायको एवढंच धरतं, आणि पुढच्या सगळ्यांना कझिन म्हणून मोकळं होतं. आमच्याकडे चुलत, मामे, आते, मावस यात जमीन-अस्मानाचा फरक. शेवटी प्रत्येकाला नंबर दिला आणि लिहून काढताना "दादा (२)" असं टाकते. कुरूप दिसतं पण गोंधळ संपला.

२० एप्रिल

आज मागच्या बाजू स्कॅन केल्या, कारण मोठी काकू म्हणाली अगं मी तर सगळ्यांवर लिहून ठेवायचे. २१४ पैकी ६३ वर काहीतरी लिहिलेलं निघालं. म्हणजे फेब्रुवारीत तारखा लावायला घातलेला रविवार निम्मा फुकट. स्कॅन करतानाच पुढची-मागची लागोपाठ घ्या, फाइलला तोच नंबर आणि पुढे "मागे".

आणि आता सायकलचा फोटो.

माझी सगळ्यात जुनी आठवण म्हणजे आजोबांच्या सायकलच्या दांडीवर मी बसलेय. दांडीवर टॉवेल गुंडाळलेला. आजोबांच्या हनुवटीची खुंटं डोक्याला टोचतायत, कानटोपीतूनसुद्धा. टोपी निळी. चेन कव्हरला घासतेय त्याचा खरखर आवाज. हे मी माझ्या मुलीला झोपताना कितीदा सांगितलंय याला गणती नाही, आणि फोटो तर आहेच, आई म्हणायची बघ, ही तू.

मागे काकूचं अक्षर: "फेब्रु. ७९". माझा जन्म ८१ चा.

दांडीवर दादा आहे, काकूचा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे निळी टोपी कुठून आली माहीत नाही. काकूला फोन केला, म्हणाली टोपी लाल होती, मीच विणलेली. दादाला फोन केला. त्याला काहीच आठवत नाही. सायकल नाही, टॉवेल नाही, आजोबा पण अगदीच पुसट. मला सगळं आठवतंय आणि ती मी नाहीच. आजोबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, आणि मोठ्या माणसांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही म्हणतात, हे मी मार्चमध्येच वाचलेलं होतं. स्वतःला लावून बघितलं नव्हतं एवढंच.

त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

४ मे

कॅसेट. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये खुपसली, सगळा आवाज फाटला. माइकचं भोक बारीक सिग्नलसाठी असतं, टेपरेकॉर्डरच्या मोठ्या सिग्नलला लाइन-इन नावाचं वेगळं भोक पाहिजे. यूएसबीचं छोटं ऑडिओ कार्ड लावलं, लेव्हल अशी ठेवली की सगळ्यात मोठा आवाज लाल पट्टीच्या बराच खाली राहील. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल, मोनो (रेकॉर्डर मोनोच होता), मिनिटाला साधारण ५ एमबी.

चार नंबरची कॅसेट पाण्याखालून बोलल्यासारखी येत होती. उघडून बघितली तर टेपच्या मागे तांब्याच्या पट्टीवर जो फोमचा छोटा पॅड असतो तो गळून पडलेला. तो टेपला हेडवर दाबून धरतो, तोच नाही म्हटल्यावर आवाज कुठून येणार. पाच स्क्रूची एक बिनकामाची कॅसेट फोडली आणि दोन्ही रिळं तिच्या खोळीत बसवली. पहिल्यांदा एक रीळ हातातून सुटलं आणि टेप पेन्सिलीने गुंडाळत बसले दीड तास. खाली पांढरी चादर अंथरून करा, स्प्रिंग उडतात.

११ मे

सात नंबर. लेबलवर "चि. ला, १९८२". काका बाहेरगावी नोकरीला गेले तेव्हा पत्राऐवजी आजोबांनी आवाज पाठवला होता, काकांनी परतताना आणली. साठची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं.

काकांना पहिलं मिनिट पाठवलं. उत्तर आलं: "हा आवाज बाबांचा नाही. एवढा भसाडा नव्हता." मी म्हटलं झालं, आता यांचीही आठवण. पण काका बरोबर होते. रेकॉर्डरचा रबरी बेल्ट सैल पडलेला, टेप हळू चालत होती. हे तपासायची एक युक्ती आहे: तेव्हाचा रेकॉर्डर घरच्या विजेवर चालला असेल तर टेपमध्ये ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) बारीक घुं असते. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झचा आवाज किती मोठा याचा आलेख) काढायचा, साइज ६५५३६ ठेवायची. मला एक टोक ५० वर दिसलं (ती आत्ताच्या वायरीची घुं) आणि एक ४७.५ वर. म्हणजे टेप पाच टक्के हळू. बेल्ट बदलला, परत घेतली, दोन्ही टोकं एकावर एक बसली. आवाज जवळजवळ अर्धा स्वर वर गेला. परत पाठवलं. काकांचं उत्तर नुसतं "हो."

१८ मे

सात नंबर, ब बाजू. आजोबा बोलतायत, कोण आजारी, कोणाची बदली, आणि ११ मिनिटं ४० सेकंदांवर खट् आवाज, आणि एक मुलगी: "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो." मग पाढे. मग एक कविता, दोनदा अडखळून. मग खोटं खोटं बातम्या.

ती मात्र मी आहे. यात शंका नाही, बातम्यांत स्वतःचं नाव आणि "इयत्ता तिसरी" सांगितलंय. कॅसेट नीट बघितली तर मागची खाच तोडलेली आहे, कोणीतरी पुसलं जाऊ नये म्हणून, आणि तिच्यात कागदाचा बोळा कोंबलेला, म्हणजे परत रेकॉर्ड करता यावं. तो बोळा मीच कोंबला असणार, वहीच्या कागदाचा आहे. मला यातलं एक अक्षर आठवत नाही.

आवाज वाढवून, फिल्टर लावून खालून काही येतं का बघितलं. येत नाही. रेकॉर्डर आधी पुसतो मग लिहितो. माझ्या बातम्या संपल्यावर मी लॅपटॉपवर स्टॉप दाबला आणि उठले.

१ जून

काकांकडे गेले. आता शहाणी झालेय, आधी ऐकवलं नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, ब बाजूला काय होतं? काका म्हणाले, "बोलणं फार नव्हतं गं. शेवटी बाबा गप्प बसले होते, टेप चालूच. बंद करायला विसरले असणार. घरातले आवाज यायचे. मी तेच जास्त ऐकायचो, बोलणं पाठ झालं होतं." कसले आवाज? "दार लावल्याचा. आणि तुझी आजी काहीतरी म्हणायची."

मग मी पाढे ऐकवले, मान खाली घालून. काका हसले. म्हणाले, "मग पुढचं लाव की." मी म्हटलं पुढे काही नाही. म्हणाले, "तू चारच मिनिटं बोललीस, बाजू तीस मिनिटांची आहे."

मी १८ तारखेला टेप तिथेच थांबवली होती. रेकॉर्डिंग थांबतं तिथून पुढे जुनं तसंच्या तसं राहतं, हे कोणत्याही पोराला कळेल. काही झालं तरी टेप शेवटपर्यंत चालवा, आवाज नसला तरी.

घरी येऊन चालवली. १५:५० ला परत खट्, आजोबांचं अर्धं वाक्य, "...बाकी तू काळजी करू नकोस", आणि मग ते गप्प. पुढे नऊ मिनिटं घर. दार लावल्याचा आवाज नाही, तीनदा ऐकलं. बादलीत पडणारा नळ आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज. लाकडी पायरी वाजते, एकदाच. १९:१२ ला लांबून आजी विचारते, "झोपली का ती?" आजोबा म्हणतात, "हं."

घरात तेव्हा एक वर्षाची मी होते, आणि सुट्टीला आलेली आतेबहीण, माझ्याहून चार महिन्यांनी लहान. शीटमध्ये १९:१२ समोर "कोण" च्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलंय. आतेबहिणीला फाइल पाठवलीय, ती म्हणते मीच.